गोखल्यांना येणारी भोवळ : मधुमेह, फॅटी लिव्हर आणि हृदयाचे चुकणारे ठोके

सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ‘फॅटी लिव्हर, ग्रेड १’ असं लिहिलेलं तुम्ही पाहिलं असेल. बहुतेक घरांत तो कागद पुन्हा पिशवीत जातो. पोट दुखत नसतं, जेवण जात असतं, आणि ‘तेलकट कमी खा’ एवढा सल्ला मिळालेला असतो. काही वर्षांनी त्याच पिशवीत ईसीजीचा कागद येतो. त्यावर ठोके अनियमित असल्याची नोंद असते. एक कागद पोटाच्या डॉक्टरांचा, दुसरा हृदयाच्या डॉक्टरांचा. दोन्ही एकाच शरीराचे आहेत, हे कुणी जोडून सांगत नाही.

देवळाली कॅम्पात अशा पिशव्या खूप पाहायला मिळतात. इथे निवृत्त फौजी पुष्कळ आहेत. नोकरीत असेपर्यंत रोज सकाळी पीटी होती. निवृत्तीनंतर पीटी गेली, भूक मात्र तेवढीच राहिली. शिवाय हवाबदलासाठी म्हणून इथल्या सॅनिटोरियममध्ये येऊन राहणारी वयस्कर मंडळी असतात. त्यांच्याकडे औषधांचे तीन डबे असतात आणि तिन्ही वेगवेगळ्या डॉक्टरांचे.

हा संबंध समजावून सांगायला मी एका माणसाचं आयुष्य निवडलं आहे. नामदार गोपाळ कृष्ण गोखले. शाळेच्या पुस्तकात तुम्हाला ते गांधीजींचे राजकीय गुरू म्हणून भेटले. त्यांच्या प्रकृतीची गोष्ट पुस्तकात नसते. ते ४८ वर्षांचे असताना गेले. आज त्या वयाचा माणूस मुलांच्या बारावीची काळजी करत असतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. गोखल्यांना मधुमेह होता आणि शेवटी हृदयविकाराने दम लागत होता, हे नक्की आहे. त्यांचं यकृत कसं होतं, हे सांगता येणार नाही, कारण तेव्हा सोनोग्राफी नव्हती. त्यांना भोवळ यायची ती ठोके चुकल्यामुळे की आणखी कशामुळे, हेही शंभर वर्षांनंतर ठरवता येणार नाही. म्हणून हे त्यांचं निदान समजू नका. अशीच लक्षणं आज तुमच्या घरात कुणाला असतील तर काय करायचं, ते कळावं म्हणून हे वाचा.

कोतळूक ते फर्ग्युसन

गोखल्यांचा जन्म ९ मे १८६६चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोतळूक गावचा. वडील कागल संस्थानात नोकरीला होते. गोपाळ तेरा वर्षांचा असताना ते वारले. थोरले भाऊ गोविंदराव शिक्षण सोडून १५ रुपयांच्या नोकरीला लागले आणि त्यातले ८ रुपये धाकट्याच्या शिक्षणासाठी दरमहा पाठवू लागले. त्या आठ रुपयांत राहणं, खाणं, पुस्तकं सगळं भागवायचं होतं. खर्च वाचवायचा तर पोटाला चिमटा काढायचा, ही सवय तेव्हाची.

१८८४मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून ते बी.ए. झाले आणि पुण्यात न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिकवू लागले. मग फर्ग्युसन कॉलेज. डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद म्हणून वीस वर्षं ७५ रुपयांवर काम करायचं त्यांनी कबूल केलं. गणित शिकवलं, इंग्रजी शिकवलं, इतिहास आणि अर्थशास्त्र शिकवलं. अंकगणिताचं पुस्तक लिहिलं. आगरकरांच्या ‘सुधारका’ची इंग्रजी बाजू सांभाळली, सार्वजनिक सभेचं काम पाहिलं, न्यायमूर्ती रानड्यांच्या हाताखाली सरकारी आकडेवारी वाचायला शिकले. हे सगळं एकाच वेळी चालू होतं. या यादीत झोप आणि चालणं कुठे बसत होतं, हा डॉक्टरचा प्रश्न आहे.

१८९७मध्ये वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला ते विलायतेला निघाले. बरोबर दिनशा वाच्छा होते. वाटेत फ्रान्समधल्या कॅले इथे ते पडले आणि छातीला मार बसला. स्वभाव संकोची. दुखणं अंगावर काढलं. लंडनला पोहोचल्यावर ते वाढलं, अंथरूण धरावं लागलं, एका इंग्रज बाईंनी मनापासून शुश्रूषा केली. बरे होऊन त्यांनी साक्ष दिली आणि ती गाजली.

या मारामुळेच पुढे हृदय बिघडलं असं म्हणायचा मोह होतो. रुग्णही असंच सांगतात : ‘डॉक्टर, मागे स्कूटरवरून पडलो ना, तेव्हापासून.’ पडल्याचा दिवस लक्षात राहतो. शरीरात गुपचूप वाढत गेलेल्या आजाराला तसा दिवस नसतो. गोखल्यांच्या बाबतीत मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते दुखणं लपवणं.

कलकत्त्यातली घोडागाडी

१९०१च्या काँग्रेसनंतर गांधीजी कलकत्त्यात महिनाभर गोखल्यांकडे राहिले. गांधीजी तेव्हा बत्तीस वर्षांचे होते आणि रोज मैलोन्‌मैल चालायचे. गोखले सगळीकडे घोडागाडीतून जातात, हे त्यांना खटकलं. ट्रामने का जात नाही, असं त्यांनी विचारलंही. गोखल्यांना वाईट वाटलं. आपल्याला लोक ओळखतात, ट्रामने फिरणं आता शक्य होत नाही, असं त्यांनी समजावलं. मग गांधीजींनी दुसरी तक्रार केली. तुम्ही फिरायलाही जात नाही, मग प्रकृती बरी राहणार कशी? त्यावर गोखल्यांनी सांगितलं की कामातून तेवढा वेळच उरत नाही. गांधीजींचं यावर समाधान झालं नाही. आपल्या आत्मचरित्रात त्यांनी हा प्रसंग मोकळेपणाने लिहिला आहे.

गोखल्यांची अडचण खोटी नव्हती. कायदेमंडळात अंदाजपत्रकावर ते बोलत तेव्हा सरकारी सभासदही तयारी करून येत. त्या भाषणांमागे महिनोन्‌महिने बसून केलेला अभ्यास असे. कलकत्त्याची मेलगाडी तेव्हाही कसारा घाट चढून इगतपुरी, देवळाली, नाशिक रोड अशीच पुढे जायची, आणि मुंबईहून कलकत्ता गाठायला दोन दिवस तरी बसून राहावं लागायचं. दर हिवाळ्यात कलकत्ता, मग पुणे, मग विलायत. १९०५ साली १२ जूनला त्यांनी भारत सेवक समाज स्थापन केला. त्याच वर्षी बनारसच्या काँग्रेसचे ते अध्यक्ष झाले. १९११मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं करणारं विधेयक मांडलं, त्यासाठी वर्षभर झटले आणि १९१२च्या मार्चमध्ये ते फेटाळलं गेलेलं पाहिलं.

या धावपळीत कधीतरी मधुमेह जडला. इन्सुलिन पहिल्यांदा माणसाला टोचलं गेलं ते जानेवारी १९२२मध्ये, कॅनडातल्या टोरंटोला. गोखल्यांच्या वेळी मधुमेहावर पथ्याशिवाय फारसं काही नव्हतं. पथ्य म्हणजे साखर बंद, भात बंद आणि विश्रांती. यातली विश्रांती त्यांनी घेतली नाही.

साखर, यकृत आणि ठोके

इथे जरा थांबून शरीरात काय होतं ते पाहू.

खाण्यातून आलेली जादा ऊर्जा यकृत चरबीच्या रूपात साठवतं. इन्सुलिन नीट काम करत नसेल तर ही साठवण वाढत जाते. म्हणून टाइप २ मधुमेह आणि फॅटी लिव्हर बहुतेकदा जोडीने येतात. दारू न पिणाऱ्यालाही फॅटी लिव्हर होतं. सडपातळ दिसणाऱ्यालाही होतं. आपल्याकडे हातपाय बारीक आणि पोट पुढे, अशी ठेवण बरीच दिसते. पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि बायकांची ८० सेंटिमीटरच्या पुढे असेल, तर वजनकाट्यावरचा आकडा चांगला असूनही यकृतात चरबी असू शकते. २०२३मध्ये या आजाराचं नावच बदललं. ‘दारूमुळे नसलेलं फॅटी लिव्हर’ हे जुनं नाव गेलं आणि चयापचयाच्या बिघाडाशी जोडलेलं नवं नाव आलं. हा आजार यकृतापुरता नाही, हे त्या नावातच आहे.

चरबीने भरलेलं यकृत नुसतं सुस्त पडून राहत नाही. सूज वाढवणारी द्रव्यं ते रक्तात सोडतं. कोलेस्टेरॉलचं आणि ट्रायग्लिसराइडचं गणित बिघडवतं. याच माणसाच्या हृदयाभोवतीही चरबीचा थर वाढलेला असतो, रक्तदाब चढलेला असतो, हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांवर ताण येऊन ते थोडे फुगलेले असतात. हृदयाचा ठोका म्हणजे विजेची एक छोटी लाट. ती ठरलेल्या वाटेने गेली तर ठोके लयीत पडतात. स्नायूत जागोजाग सूज आणि व्रण झाले की लाट वाट चुकते, गोल फिरत राहते, आणि वरचे कप्पे आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरतात. याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. मनगटाची नाडी तेव्हा पत्र्यावर पडणाऱ्या पावसाच्या थेंबांसारखी लागते. त्यात काही ताल सापडत नाही.

याला पुरावा काय? इटलीतल्या व्हेरोना इथल्या डॉक्टरांनी टाइप २ मधुमेहाचे ४०० रुग्ण दहा वर्षं तपासले. सुरुवातीला कुणालाही ही थरथर नव्हती. दहा वर्षांत ४२ जणांना ती सुरू झाली आणि फॅटी लिव्हर असलेल्यांमध्ये तिचं प्रमाण बरंच जास्त निघालं. दुसरी बाजूही सांगतो. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅमच्या प्रसिद्ध अभ्यासात असा थेट संबंध दिसला नाही. म्हणजे यकृतातली चरबी स्वतः ठोके बिघडवते की दोघांमागे वजन, साखर आणि रक्तदाब हेच गुन्हेगार आहेत, याचा वाद संपलेला नाही. तुमच्यासाठी त्या वादाने फरक पडत नाही. फॅटी लिव्हर सापडलं तर हृदय तपासून घ्यायचं, आणि ठोके चुकत असतील तर यकृताकडेही पाहायचं.

टॉलस्टॉय फार्मची वाट

१९१२च्या ऑक्टोबरात गोखले दक्षिण आफ्रिकेला गेले. केपटाउनपासून सुरुवात करून जवळजवळ महिनाभर सभा, मानपत्रं, मंत्र्यांच्या गाठीभेटी. गांधीजी त्यांचे चिटणीस, सोबती आणि सेवक असं सगळं एकदम होते. टॉलस्टॉय फार्मला नेताना गांधीजींनी त्यांना स्टेशनपासून सुमारे दीड मैल चालवलं. त्या दिवशी नेमका पाऊस आला. गोखल्यांना सर्दी-ताप झाला, आणि आपण आग्रह करायला नको होता असं गांधीजींना वाटत राहिलं. आश्रमात खाट नव्हती. सगळे जमिनीवर निजतात म्हटल्यावर गोखल्यांनीही स्वतःसाठी आणलेली खाट नाकारून अंथरूण जमिनीवर घालायला लावलं. पाय चेपून घ्यायलाही त्यांनी नकार दिला.

एरवी न चालणाऱ्या, मधुमेह असलेल्या, हृदय थकत चाललेल्या माणसाला एका दिवशी दीड मैलही जास्त होतात. व्यायाम हवाच, पण तो रोजचा आणि हळूहळू वाढवलेला. रविवारी एकदम त्र्यंबकला ब्रह्मगिरी चढून आठवड्याची कसर भरून काढणारे लोक मी पाहतो. त्यांच्यात पन्नाशीच्या पुढचे, साखर असलेले, कधीच ईसीजी न काढलेले लोकही असतात.

दक्षिण आफ्रिकेहून परत आल्यावर गोखले नोकरशाहीसंबंधीच्या रॉयल कमिशनच्या कामाला लागले. पुन्हा हिंदुस्थान-विलायत खेपा. १९१४मध्ये प्रकृतीसाठी ते फ्रान्सला गेले आणि महायुद्ध पेटल्यामुळे तिथे अडकले. लंडनला परतले तेव्हा गांधीजी तिथे फुप्फुसाच्या आवरणाला सूज येऊन आजारी होते आणि फळं-दाण्यांवर राहत होते. डॉक्टर जीवराज मेहता उपचार करत होते. गोखल्यांनी गांधीजींना डॉक्टरांचं ऐकायचा पुन्हा पुन्हा आग्रह केला. दुसऱ्याच्या तब्येतीची काळजी करताना ते फार बारकाईने बोलत. लंडनचं ऑक्टोबरचं धुकं सोसेना, तेव्हा ते मायदेशी परतले.

ती भोवळ

१९१५च्या सुरुवातीला गांधीजी पुण्याला भारत सेवक समाजात आले. त्यांच्यासाठी समाजाच्या मंडळींनी छोटा फराळ ठेवला होता, फळं, खजूर असा. जागा गोखल्यांच्या खोलीपासून चार पावलांवर. तेवढं चालायचीही ताकद नव्हती, पण गांधीजींवरच्या प्रेमापोटी ते उठून आले. आले आणि बेशुद्ध पडले. त्यांना उचलून आत नेलं. शुद्धीवर आल्यावर त्यांनी निरोप पाठवला की कार्यक्रम चालू राहू द्या. तो चालूही राहिला. अशी भोवळ त्यांना आधीही यायची, म्हणून कुणी फार घाबरलं नाही. गांधीजींनीच ही आठवण नोंदवली आहे.

डॉक्टर म्हणून मी या प्रसंगापाशी अडखळतो. त्या लोकांचा दोष नाही. ईसीजीचं यंत्र हॉलंडमधल्या आइंथोवेन यांनी नुकतंच घडवलं होतं. एट्रियल फिब्रिलेशनचा आलेख ईसीजीवर ओळखायला लंडनच्या थॉमस लुइस यांनी १९०९मध्ये सुरुवात केली होती. पुण्यात त्यातलं काही नव्हतं. पण ‘त्यांना असं होतंच अधूनमधून’ हे वाक्य आजही घराघरांत ऐकू येतं. आणि आज ईसीजी काढायला दहा मिनिटंही लागत नाहीत.

भोवळ येण्याची कारणं पुष्कळ आहेत. गोखल्यांच्या बाबतीत हृदयाची ताकद कमी पडून मेंदूला रक्त अपुरं पोहोचत असेल, रक्तदाब घसरत असेल, ठोके फार वेगाने किंवा फार सावकाश पडत असतील. आजच्या मधुमेही रुग्णात आणखी एक कारण असतं जे त्यांना नव्हतं : गोळ्या किंवा इन्सुलिनमुळे साखर एकदम खाली जाणं. म्हणून मधुमेही माणूस पडला तर आधी ग्लुकोमीटरवर साखर पाहा. साखर ठीक निघाली तर ‘अशक्तपणा’ म्हणून लिंबू-पाणी देऊन विषय संपवू नका. काही सूचना न देता आलेली भोवळ, चालताना किंवा जिना चढताना आलेली भोवळ, धडधडीनंतर आलेली भोवळ, यांत त्याच दिवशी ईसीजी हवा. छातीत दुखत असेल, दम लागला असेल, किंवा बोलणं अडखळून तोंड वाकडं झालं असेल तर १०८ला फोन करा, रिक्षा शोधत बसू नका.

गोखल्यांना शेवटच्या काळात जो दमा लागायचा त्याला कार्डिॲक अस्थमा म्हणत. हा फुप्फुसाचा दमा नव्हे. हृदय रक्त पुढे ढकलू शकत नाही म्हणून पाणी फुप्फुसात साठतं आणि आडवं झालं की श्वास कोंडतो. रात्री दोन उशा घ्याव्या लागणं, दचकून उठून खिडकीशी बसावं लागणं ही त्याची खूण. असं हृदय लय चुकायला सोकावलेलं असतं, आणि लय चुकली की आणखी दमतं.

पुण्याच्या त्या फराळानंतर फार दिवस गेले नाहीत. १९ फेब्रुवारी १९१५च्या रात्री गोखले गेले. बातमी पोहोचली तेव्हा गांधीजी शांतिनिकेतनात होते. ज्यांच्याशी आयुष्यभर मतभेद झाले ते लोकमान्य टिळक अंत्ययात्रेला आले आणि गौरवाने बोलले. टिळकांनाही मधुमेह होता.

तुमच्या पिशवीत काय असावं

फॅटी लिव्हर निघालं असेल तर ग्रेडपेक्षा एक प्रश्न महत्त्वाचा : यकृतावर व्रण पडायला लागलेत का? वय, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट या चार आकड्यांवरून डॉक्टर फिब-४ नावाचा हिशेब करतात. त्याला वेगळी तपासणी लागत नाही. शंका आली तर फायब्रोस्कॅन. सोबत साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि एक ईसीजी. धडधड येऊन जात असेल तर साधा ईसीजी त्या क्षणी चांगला येऊ शकतो. मग २४ तासांचं होल्टर यंत्र छातीला लावतात.

वजन ७ ते १० टक्के उतरलं तर यकृतातली चरबी आणि सूज दोन्ही कमी होतात. ८० किलोच्या माणसाने ६ ते ८ किलो, एवढाच अर्थ. ऑस्ट्रेलियात ॲडलेडला जाड रुग्णांवर झालेल्या अभ्यासात १० टक्के वजन उतरवून ते टिकवणाऱ्यांना एट्रियल फिब्रिलेशनचा त्रासही खूप कमी झाला. कॅम्पातले झाडांचे रस्ते सकाळी चालायला चांगले आहेत, आठवड्याला १५० मिनिटं जमवा. दारू पूर्ण बंद करा. यकृत आणि ठोके या दोन्हींबाबत ‘थोडी चालते’ हे खरं नाही.

औषधांबद्दल तीन गोष्टी, कारण गोंधळ इथेच होतो. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये हृदयात रक्ताची गुठळी होऊन मेंदूत जाऊ शकते. त्यासाठी रक्त पातळ करणारं औषध लागेल का, हे वय, मधुमेह, रक्तदाब पाहून ठरतं. ॲस्पिरिन हा त्याला पर्याय नाही. फॅटी लिव्हर आहे म्हणून कोलेस्टेरॉलची स्टॅटिन गोळी मनाने बंद करू नका, नुसत्या फॅटी लिव्हरमध्ये ती चालते. आणि ठोक्यांसाठी अमिओडॅरोन चालू असेल तर दर सहा महिन्यांनी यकृताची आणि थायरॉइडची रक्ततपासणी करा. हे औषध काही जणांत यकृताला त्रास देतं आणि सोनोग्राफीवर फॅटी लिव्हरसारखंच चित्र दिसू शकतं. सोनोग्राफी करणाऱ्याला किंवा पोटाच्या डॉक्टरांना या गोळीचं नाव सांगायला विसरू नका. गोळीची पट्टीच सोबत न्या.